मामाच्या जिभेचा काटा

चंद्रपूर शहरातल्या मिठाची सगळी जबाबदारी गेली तीस वर्षं एकट्या माझ्या मामावर आहे. हे महानगरपालिकेला माहीत नाही, आरोग्य खात्याला माहीत नाही, आणि खुद्द मामा सोडून कुणी त्याची या पदावर नेमणूकही केलेली नाही. पण जटपुरा गेटापासून बसस्टँडपर्यंतच्या कोणत्याही हातगाडीवाल्याला विचारा. मामाने चमचा तोंडात घालून, डोळे मिटून ‘काटा बरोबर’ म्हटल्याशिवाय त्या गाडीवरची पहिली प्लेट हलत नाही. मामा कोळसा खाणीवरच्या वजनकाट्यावर नोकरीला होता. भरलेला ट्रक काट्यावर चढायच्या आधीच टायर किती दबलेत ते पाहून तो वजन सांगायचा आणि मग यंत्र आपल्याशी सहमत होतं की नाही ते बघायचा. झालं नाही तर यंत्राच्या दुरुस्तीचा अर्ज करायचा. नोकरीत असतानाच तो पाळीच्या आधी-नंतर गाड्यांवर चाखायला लागला; निवृत्त झाल्यावर ट्रक गेले, यंत्र गेलं, काटा मात्र राहिला. ‘तो आता माह्या तोंडात हाय, पोरी,’ मामा म्हणतो. ‘चिमूटभर मीठ इकडचं तिकडं झालं त मले समजते.’

पोहे खायला मामा ड्युटीवर निघाल्यासारखा निघतो. इस्त्रीचा फुल बाह्यांचा शर्ट, पायात पॉलिश केलेले बूट, आणि इतर लोक जिथे पेन ठेवतात त्या खिशात स्टीलचा चमचा. हा चमचा तो कुणालाही देत नाही. मामीलाही नाही, डॉक्टरांनाही नाही. बँकेत एकदा सही करायची होती तेव्हा त्याने घाईत खिशातून चमचा काढला आणि पासबुकावर टेकवला. समोरच्या बाईने नम्रपणे विचारलं, ‘काका, याने उमटेल का?’ आमच्याकडे मामाने भाचीच्या पाया पडायची रीत आहे. त्यामुळे मी मामाच्या घरी गेले की मामा वाकतो, चमचा खणकन फरशीवर पडतो, आणि स्वयंपाकघरातून मामी ओळखते की मी आले. बेल लावायची आमच्या घरात कधी गरज पडली नाही.

मामाला शहराचा नकाशा ठाऊक आहे, पण तो सगळा तळलेला आहे. कुणी पत्ता विचारला की तो सांगतो, ‘गुपचूपवाल्यापासून डावा हात धर, मंग मुंगवड्याचा वास येईन, तो संपला की उजवीकडे कोर्ट.’ गुपचूप म्हणजे आमच्याकडची पाणीपुरी. वरोऱ्याचे एक दूरचे नातेवाईक शेतीच्या तारखेसाठी आले होते आणि या पत्त्याने निघाले. दुपारी ते तेलुगू अण्णाच्या डोशाच्या गाडीवर चौथ्या डोशाशी सापडले. तारीख गेली होती, पण त्यांची तक्रार नव्हती. माझ्या मामेबहिणीला पाहायला बल्लारपूरचा इंजिनियर मुलगा आला, तेव्हा मामाने त्याला घरात बसवलंच नाही. थेट पोह्याच्या गाडीवर नेलं, जिथे पोह्यांवर झणझणीत रस्सा, म्हणजे तर्री, ओततात. मुलगा म्हणाला, ‘तर्री नको, नुसते पोहे द्या.’ मामाने तिथल्या तिथे नकार कळवला. मामा एकटाच परत आल्यावर मामी कपाळाला हात लावून बसली, तर हा म्हणतो, ‘ज्याले तर्री झेपत नाई त्याले आपली पोरगी काय झेपन.’ बहिणीने पुढे स्वतःच एक मुलगा पसंत केला. तो तर्री दोनदा मागून घेतो. मामा या जावयाविषयी बोलताना अजून हळवा होतो.

मात्र मामाला नुसता खादाड समजू नका. तो खातो थोडं, चाखतो खूप. त्याच्या चाखण्यामागे एक विचार आहे आणि तो मला शिकवलेल्या कोणत्याही अर्थशास्त्रापेक्षा सरळ आहे. ‘हे शहर कोनाच्या चुलीवर चालते, सांग,’ त्याने मला शाळेत असताना विचारलं होतं. मी म्हणाले, ‘घरच्या.’ दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने मला सायकलच्या दांड्यावर बसवून जुन्या परकोटाच्या भिंतीबाहेरच्या कडुनिंबाखाली नेलं. तिथे पहिल्या पाळीला निघालेले ठेकेदारी कामगार पळसाच्या पानाच्या द्रोणात तर्री-पोहे खात उभे होते. एका खोलीत आठ-आठ जण राहणारी ही माणसं. त्या खोलीत चूल मांडली तर झोपायला जागा उरत नाही. दवाखान्यातली आया होती, झाडूवाल्या होत्या, सिंदेवाहीकडून पहिल्या बसने आलेल्या, जंगलातली टेंभराची फळं आणि चारोळी टोपलीत घेऊन बसणाऱ्या गोंड बाया होत्या. त्या स्वतः बरबटीचे, म्हणजे चवळीचे, वडे घेत होत्या आणि वडेवाली त्यांच्याकडून टेंभरं. ‘आता सांग,’ मामा म्हणाला. त्या दिवसापासून रस्त्यावरच्या खाण्याला नाक मुरडणारा माणूस दिसला की माझं डोकं फिरतं. ‘बाहेरचं खाऊ नका’ हे वाक्य ज्यांच्या घरात स्वयंपाकाला बाई आहे त्यांनीच लिहिलेलं असतं. अंगावर कोळशाची धूळ घेऊन उभ्या माणसाला सकाळी सहा वाजता कुणी गरम, ताजं, पोटभर देत असेल तर ती हातगाडी आहे, आणि तिलाच आपण अतिक्रमण म्हणतो. याच विषयावर मी कॉलेजात असताना एक जळजळीत पत्रक लिहिलं, छापलं आणि गेटावर वाटलं. संध्याकाळी त्याच पत्रकात बांधलेली गरम भजी मामाने माझ्या हातात ठेवली. मी रडकुंडीला आले. मामा पुडी उलगडून म्हणाला, ‘पाह्य, तेल लागल्यानं अक्षर कसं ठळक झालं. आता लोकं वाचतीन.’

त्या कडुनिंबाखाली एकाच जागेवर दोन पाळ्यांत दोन गाड्या लागतात. पहाटेपासून अकरापर्यंत पोहेवाली बाई, दोननंतर समोसेवाले चाचा. रमजानच्या महिन्यात चाचा समोसे बंद करून गहू-मटणाचं हलीम करतात, आणि त्या एका महिन्याच्या कमाईवर त्यांच्या घराचं निम्मं वर्ष निघतं. बाई आणि चाचा चार वर्षांपासून एकमेकांशी बोलत नव्हते. कारण विचाराल तर बाई म्हणायची, तो जागेवर तेल सांडून जातो; चाचा म्हणायचे, ती राख टाकून जाते. सगळा व्यवहार मामातर्फे चालायचा. सकाळी बाई म्हणायची, ‘भाऊ, सांगजा त्याईले, पाय घसरते इथी.’ दुपारी मामा ते शब्द थोडे गोड करून पोचवायचा. चाचा ऐकून म्हणायचे, ‘उनको बोलो, राख से तेल पोंछ लेना था.’ हे मामा पोचवायचा नाही.

मामाच्या जिभेवर खरी मदार होती ती याच दोघांची. बाईच्या आईचा नियम होता की पातेल्यातला पहिला घास दुसऱ्याच्या तोंडात गेल्याशिवाय रांधणारीने चाखायचं नाही. बाईने तो कधी मोडला नाही. म्हणून तिला रोज एक भरवशाचं पहिलं गिऱ्हाईक लागायचं, आणि ते मामा होता. चाचांचा रमजानात रोजा, तोंडात काही घालता येत नाही. जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकलं तर चालतं, असं लोक त्यांना सांगतात. पण चाचांचं मन धजत नाही. म्हणून रमजानभर दुपारी चार वाजता हलिमाच्या हंड्याशी मामा. तो हंडा ढवळून चाचा झाकण बाजूला करतात, मामा शर्टाच्या बाह्या दुमडतो, चमचा खिशातून निघतो आणि रस्त्यावरचे दोन रिक्षावालेसुद्धा थांबून पाहतात.

यंदा रमजानच्या आठ दिवस आधी मामाला ताप आला. ताप गेला, जाताना जीभ घेऊन गेला. मामाने हे कुणालाही सांगितलं नाही.

सगळ्यात आधी मामीला संशय आला. त्यांच्या घरात तीस वर्षं रात्रीच्या जेवणाला एक ठरलेलं भांडण होतं. मामी ताट वाढायची, मामा पहिला घास घेऊन ‘जरासं’ म्हणायचा, मामी ‘जरासं कमी की जरासं जास्त ते नीट सांग’ म्हणायची, आणि मग जेवण रंगायचं. एके रात्री मामी वांग्याच्या भाजीत मीठ घालायचंच विसरली. मामाने दोनदा भाजी घेतली, बोटं चाटली आणि म्हणाला, ‘छान झाली.’ मामीने सकाळी मला फोन केला. तिचा आवाज एवढा घाबरलेला मी कधी ऐकला नव्हता. ‘तुह्या मामानं काल भांडन केलं नाई वो,’ ती म्हणाली. ‘लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. मले रातभर झोप नाई.’

मी त्याच दुपारी नोकरीच्या गावाहून चंद्रपूर गाठलं आणि चारच्या सुमाराला कडुनिंबाशी पोचले. मामा हंड्याशी उभा होता. चाचा म्हणाले, ‘भाऊ, नमक देखो.’ मामाने चमचा तोंडात घातला, डोळे मिटले. रोज त्याचे डोळे मिटतात ते चव नीट कळावी म्हणून. त्या दिवशी ते बराच वेळ मिटलेले राहिले, आणि कपाळावर घाम आला. ट्रक काट्यावर उभा आहे आणि काटा हलत नाही, अशा वेळी एखादा बाबू जे करील तेच मामाने केलं. त्याने अंदाज ठोकला. ‘चिमूटभर कमी हाय,’ तो म्हणाला, ‘चिमूट नाई, मूठभर.’ चाचांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि हंड्यावर मूठ उघडली. मामा समाधानाने चमचा पुसत घरी गेला.

संध्याकाळी अजान झाली, खजूर झाले, आणि रांगेत उभी असलेली माणसं वाट्या घेऊन बसली. मी गाडीच्या बाजूला उभी होते. दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेल्या माणसाच्या तोंडात असं हलीम गेलं तर काय होईल, आणि उद्या यातले किती जण रस्त्याच्या पलीकडच्या गाडीवर जातील, हे मला दिसत होतं. चाचांचा महिना बुडणार आणि मामाचं तीस वर्षांचं नाव त्याच हंड्यात बुडणार. पहिल्या माणसाने घास घेतला. दुसरा घेतला. बोट चाटलं आणि वाटी पुढे केली, ‘चाचा, और थोडा.’ मला काही समजेना. मी स्वतः एक वाटी घेतली. मीठ तंतोतंत होतं.

आता सांगायला हवं की मला खोटं चालत नाही. घरात लोक आरत्या पाठ करायचे तेव्हा मी घोषणा पाठ करत होते, आणि ‘सत्य लोकांसमोर मांडा’ हे वाक्य मी इतक्या भिंतींवर रंगवलंय की त्याच्याशी आता बेइमानी जमत नाही. म्हणून गर्दी ओसरल्यावर मी चाचांपुढे जाऊन म्हणाले, ‘चाचा, मामाच्या जिभेला चव नाही. तुम्हाला फसवतोय तो. तुमचा महिना जाईल.’ चाचा हंडा खरवडत होते. त्यांनी गाडीमागे पाहून हाक मारली, ‘बाई, सुनो. भाऊची भाची भी आ गई.’

आणि गाडीमागून, अकरा वाजताच घरी गेलेली असायला हवी ती पोहेवाली बाई पदराला हात पुसत बाहेर आली.

‘तुले आज समजलं,’ बाई म्हणाली. ‘आमाले आठ दिवस झाले.’ झालं होतं असं, की बाईचं एका पहाटे तर्रीत मीठ टाकायचं राहिलं. मामाने खाल्लं, म्हणाला ‘काटा बरोबर’. त्याच्यामागच्या कामगाराने पहिला घास घेऊन विचारलं, ‘बाई, कोनाचा दवाखाना लागला काय, आळनी रांधून राह्यली?’ बाईने मामाकडे पाहिलं. तो द्रोण पुसून खात होता. ‘तवा मले समजलं,’ ती म्हणाली. ‘गाडी काढलीच नाई मी. दोन वाजेपर्यंत इथीच बसली. हे चाचा आले तर म्हटलं, तुमच्या भाऊची जीभ गेली. हे मले म्हनते, मेरे भाऊ काऊन, तुमचे.’

‘चार साल में पहली बात यही थी,’ चाचा म्हणाले.

मग त्या दोघांनी एक व्यवस्था बसवली, आणि मी वाचलेल्या सगळ्या सहकारी संस्थांच्या घटनांपेक्षा ती देखणी होती. बाई पहिलं पातेलं आता साडेचारलाच उतरवते. चाचा तेव्हा सहरी, म्हणजे रोज्याआधीचं खाणं, करायला येतात. अजान व्हायच्या आत बाईच्या हातचे पोहे खाऊन ते मीठ सांगतात. पहिला घास दुसऱ्याच्या तोंडात जातो, बाईचा नियमही राहतो. मग पातेल्यावर झाकण, आणि सहा वाजता मामा आला की ते पुन्हा उघडायचं, जणू पहिल्यांदाच. दुपारी बाई गाडीमागे थांबते. मामा चाखून, हुकूम देऊन गेला की ती हलीम चाखते आणि खरं काय ते सांगते. आणि मामा ‘मूठभर’ म्हणाला तर चाचा मूठ उघडतात खरी, पण ती रिकामी असते. ‘सोमवारी मी बोकडाचं खात नाई,’ बाईने प्रामाणिकपणे सांगितलं. ‘सोमवारी म्हनतो, इतवाराएवढंच टाका.’

‘पण त्याला सांगायला नको का?’ मी अडून बसले. ‘तो माणूस आहे. त्याला खरं कळायचा हक्क आहे.’

‘सांगून जीभ वापस येईन काय?’ बाई म्हणाली. ‘आली तर सांगतो ना मी.’

चाचांनी हंडा उलटा केला. ‘बेटी, तीस साल ये आदमी हमारा नमक देखा. अब चार दिन हम देख लेते. इसमें परचा मत छापना.’

मी पत्रक छापलं नाही. मामीलाही कटात घेतलं. तिने आता भांडणाची जबाबदारी स्वतःवर घेतली आहे. रात्री ताट वाढताना ती आधीच म्हणते, ‘आज खारट झालं म्हनशीन त म्हन, मी काई बदलनार नाई,’ आणि मामा चटकन सावरून ‘जरासं’ म्हणतो. घर पुन्हा सुरळीत चालू झालं.

ईद होऊन गेली. चाचा समोशांवर आले, आता त्यांचं मीठ त्यांना चाखता येतं. तरी रोज दुपारी ते मामाला हाक मारतात. सहरी संपली तरी पहाटे साडेचारला ते कडुनिंबाशी येतात. कुणी विचारलं तर म्हणतात, डॉक्टरने चालायला सांगितलंय. त्यांच्या घरापासून झाडापर्यंतचं अंतर दोन मिनिटांचं आहे.

गेल्या रविवारी मी मामाबरोबर सकाळी गेले. बाईने झाकण उघडलं, मामाने चमचा काढला, खाल्लं, डोळे मिटले. ‘काटा बरोबर,’ तो म्हणाला. बाईने मान डोलावली. आम्ही रस्त्याला लागलो तेव्हा मामाने मागे वळून कडुनिंबाकडे पाहिलं. मग म्हणाला, ‘पोरी, वाफेचं पातेलं पहिल्यांदा उघडलं की झाकनाच्या खालून पानी टपकते. एकदा उघडून, पुसून पुन्हा ठेवलं की तेवढं पानी नाई राहत. मी सहा वाजता जातो तर झाकन कोरडं असते.’

आयुष्यभर टायरवरून वजन ओळखणाऱ्या माणसापासून आम्ही चौघं एक झाकण लपवत होतो. मी विचारलं, ‘केव्हापासून माहीत आहे?’

‘दुसऱ्या दिवसापासून.’

‘मग जातोस काऊन?’

मामाने चमचा रुमालाने पुसला. ‘चार वर्षं मी त्याइचे निरोप नेले. आता ते सोता बोलून राह्यले. नवी बोलाचाली हाय. मी जानं बंद केलं त त्याइले एकमेकाजवळ जायाचं काई कारन नाई राह्यनार.’ थोडं चालल्यावर तो पुन्हा म्हणाला, ‘आंबट वापस आलं हाय थोडंसं. परवा लिंबू समजलं. मिठाचं काई सांगता येत नाई म्हने डॉक्टर.’

कोपऱ्यावर बरबटीचे वडे तळणारी नवी गाडी लागली होती. वडेवालीने हाक दिली, ‘भाऊ, मीठ पाहून सांगा ना.’ मामा थांबला. त्याने वड्याचा तुकडा चमच्याने तोडला आणि तो चमचा, जो त्याने कधी कुणाला दिला नाही, माझ्यापुढे धरला. मी खाल्लं. मीठ थोडं जास्त होतं. वडेवाली माझ्याकडे पाहत होती, नवी होती, घाबरलेली होती. ‘बरोबर आहे,’ मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा इतकं सरळ खोटं बोलले.

मामा माझ्या तोंडाकडे पाहत होता, मान थोडी कलती करून, ट्रक काट्यावर चढताना पाहावं तसा. मग वडेवालीकडे वळून म्हणाला, ‘चिमूटभर जास्त हाय, बाई. पुढच्या घाण्याले कमी टाक.’

आता सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं निघतो. चमचा त्याच्या खिशात असतो, गाडीशी पोचल्यावर तो माझ्या हातात येतो. मी खाते, तो माझं तोंड वाचतो आणि डोळे मिटून निकाल देतो. मी तोंड शक्य तितकं खरं ठेवते.